पाडसाच्या खुराकातली खनिजं: हरणं सांभाळायला नव्याने लागलेल्यांसाठी

खनिज मिश्रणाची पिशवी फोडण्याआधी खुराकाचा हिशोब कागदावर मांडा. दूध तुटलेल्या, वाढत्या पाडसाला शुष्क वजनावर (म्हणजे खुराकातलं पाणी वगळून उरणाऱ्या वजनावर) ०.४५ ते ०.५ टक्के कॅल्शियम आणि ०.३ टक्क्याच्या आसपास फॉस्फरस पुरतो. हे आकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरून आलेले आहेत. दुसऱ्या जातींसाठी ते सुरुवातीला धरायला ठीक. कॅल्शियम फॉस्फरसाइतकं तरी हवं, दुप्पट असलं तरी चालतं.

गडबड होते ती धान्य-कोंड्यामुळे. शुष्क वजनावर ५०० ग्रॅम मका, ३०० ग्रॅम गव्हाचा कोंडा आणि २०० ग्रॅम लसूणघास घेतलं, तर कॅल्शियम जेमतेम सव्वातीन ग्रॅम आणि फॉस्फरस साडेपाच ग्रॅम भरतो. गणित उलटं झालं! नरांना मुतखडा होतो तो अशाच खुराकाने. पाणी कमी प्यायलं तर लवकर. इथे डायकॅल्शियम फॉस्फेट घालणं चूक, कारण त्याने फॉस्फरस आणखी वाढतो. १० ग्रॅम चुनखडीची भुकटी घातली की कॅल्शियम सातच्या आसपास जातं. त्याहून बरं म्हणजे कोंडा कमी करून लसूणघास वाढवणं.

ऊन न लागणाऱ्या आवारात ड जीवनसत्त्व कमी पडतं. मग कॅल्शियम भरपूर असूनही नीट शोषलं जात नाही आणि पाय वाकतात.

तांब्याच्या बाबतीत मेंढ्यांचं मिश्रण आणू नका. मेंढीला तांबं लवकर बाधतं म्हणून त्यात ते मुद्दाम टाळलेलं असतं, आणि हरणांना नेमकं तेच लागतं. चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असलं, किंवा पाण्यात लोह, तर दिलेलं तांबंही अंगी लागत नाही. तांबं कमी पडून पाडसाचा मागचा भाग लटपटायला लागला की मज्जारज्जूची हानी झालेली असते, ती भरून येत नाही.

सेलेनियम शुष्क वजनावर दर किलोला ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम पुरतं. कमी पडलं तर स्नायू पांढरे पडतात, जास्त झालं तर विषबाधा. मिश्रणात असेल तर वरून इंजेक्शन पशुवैद्याला विचारल्याशिवाय नको.

मीठ मात्र वेगळं, मोकळं ठेवा. खनिजांची वीट सगळे सारखी चाटत नाहीत, दांडगे नर तिथून हलत नाहीत. पाडसांना सुट्टी पूड खुराकात कालवून द्यावी, आणि खुराकाची जागा मोठ्यांना शिरता येणार नाही अशी अरुंद फटीआड असावी.

कळपात एखादं जनावर दगावलं तर यकृताचा तुकडा तांब्याच्या तपासणीला पाठवा. रक्तातलं तांबं यकृतातला साठा बराच उतरेपर्यंत ठीकच दिसू शकतं.