अर्धाच ड्रम सेट आहे? मग या चुका टाळा

पूर्ण सेट समोर ठेवून ड्रम शिकायला सुरुवात केलेले फार थोडे लोक मला भेटले. बहुतेकांच्या वाट्याला येतं ते कुणाच्या तरी माळ्यावरचं सामान. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आहे पण पेडल नाही, स्नेअर (तळाच्या तारांमुळे चरचरणारा ड्रम) आहे पण खालच्या तारा लोंबतायत, टॉम (तारा नसलेला साधा ड्रम) दोनाऐवजी एक, सिंबल (धातूची थाळी) एकच. माझा पहिला सेटही असाच होता: बास ड्रम, स्नेअर, एक फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा) आणि एक राइड, म्हणजे ठेका धरायचं मोठं सिंबल. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी, नव्हती. ती मिळाली की मग खरं शिकायला लागू, असं म्हणत मी जवळजवळ वर्ष घालवलं. नवशिक्यांकडून होणारी सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून ती आधी सांगतो.

ड्रम सेट मुळात एकदम तयार झालेला नाही. एका माणसाला पायाने बास आणि हाताने स्नेअर वाजवता येईल असं टिकाऊ पेडल अमेरिकेतले ड्रम बनवणारे लुडविग यांनी 1909 मध्ये आणलं आणि तिथून सेट एकेक वस्तूने वाढत गेला. आजच्या रूपातली हाय-हॅट 1920च्या दशकात आली. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार बहुतेक काळ बास, स्नेअर आणि दोनच टॉम घेऊन बसायचा. बास आणि स्नेअर हे घर आहे, बाकीच्या खोल्या मागून बांधता येतात.

पण जे आहे ते नीट वाजायला हवं, आणि खरी गडबड तिथेच होते.

स्नेअर डब्यासारखा वाजतो

चरचर येत नाही म्हणून मुलं वरचं पान (ड्रमवर ताणलेला पडदा) आवळत बसतात. दोष बहुतेक वेळा खाली असतो. ड्रम उलटा करा. बाजूचा खटका वर आहे ना? तारांची पट्टी पानाच्या मधोमध आहे ना, की एका बाजूला सरकलीय? तारा धरून ठेवणारी दोरी शाबूत आहे का? माझी कुजली होती. मी सुतळी बांधली, पण सुतळी ताणली जाते, दोन गाण्यांत तारा परत सैल. शेवटी खोक्याभोवती असते ती प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी कापली, दोन्ही टोकांकडून ओवली, तारा दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आणल्या आणि मगच स्क्रू आवळले. टिचकी मारली तरी चर्र झालं. तो आवाज मला अजून आठवतो.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. स्नेअरचं खालचं पान फाटलं की दुकानातून वरचंच पान आणून खाली बसवतात. वरचं एकपदरी पान साधारण 10 मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं असतं आणि खालचं 3 मिलच्या आसपास, म्हणजे कागदासारखं पातळ. जाड पान थरथरत नाही, मग तारा कितीही आवळा. दुकानात ‘स्नेअर-साइड’ असंच मागायचं. त्या पानावर काठी कधीच मारायची नाही.

टॉम वाजवला की स्नेअर आपोआप गुणगुणतो, ही तक्रारही नेहमीची. टॉमचा स्वर थोडा वर किंवा खाली घ्या, कमी होईल. पूर्ण जाणार नाही, आणि जायची गरजही नाही.

पक्कड लावू नका

जुन्या सेटबरोबर पानाचे स्क्रू फिरवायची चावी कधीच येत नाही. मग पकडीने स्क्रू फिरवतात, चौकोनी डोकं गोल होतं आणि तो स्क्रू कायमचा वाया जातो. चावी स्वस्त असते, ती आधी घ्या.

पान बसवताना एकामागून एक असं गोल फिरत आवळायचं नाही, पान तिरकं बसतं. समोरासमोरचे स्क्रू घ्यायचे, आधी बोटांनी जातील तेवढे, मग चावीने प्रत्येकी अर्धा वळसा. त्यानंतर प्रत्येक स्क्रूपासून बोटभर आत काठीने हलकं ठोकत ऐकायचं. तबला स्वरात लावताना एकेक घर ठोकून बघतात, अगदी तसंच. एखाद्या जागी स्वर उतरलेला वाटला तर तेवढाच स्क्रू चढवायचा. जुन्या पानाच्या मधोमध खड्डा पडला असेल तर मात्र वेळ घालवू नका, ते स्वरात लागणार नाही.

बास ड्रम पळतो, आपण खुर्चीत रुततो

आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर बास ड्रम दर ठोक्याला दोन बोटं पुढे जातो. सतरंजी घातली तर सतरंजीसकट जातो. काथ्याची चटई किंवा खाली रबर असलेला जाड गालिचा घ्या, ड्रमचे पुढचे दोन पाय बाहेर काढून त्यांची टोकं त्यात रुतवा, आणि आपलं आसनही त्याच गालिच्यावर ठेवा. आपलं वजनच ड्रमला धरून ठेवतं.

आसनाबद्दल मी जरा कडक आहे. प्लॅस्टिकची खुर्ची नको. ती बुटकी असते, मागे कललेली असते, गुडघे कमरेच्या वर येतात आणि पेडलला पायाचा जोर लागतच नाही. वर कंबर धरते ती वेगळीच. सपाट, पाठ नसलेलं स्टूल घ्या. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. स्टूल कमी पडलं तर वर घट्ट घडी केलेली चादर बांधा.

पेडल नसेल तर? पाय तरी चालू ठेवा. टाच जमिनीवर टेकवून पुढचा पंजा फरशीवर आपटत राहा. पेडलची उसळी मिळणार नाही, पण हात आणि पाय एकत्र पडायची सवय लागते. पेडल नाही म्हणून नुसते हात घोटलेली मुलं पेडल आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

हाय-हॅट नसताना

इथे दोन चुका होतात. पहिली, हाय-हॅटच्या जागी क्रॅश (अधूनमधून जोरात मारायचं सिंबल) लावून त्यावर ठेका धरणं. क्रॅशचा आवाज पसरतो आणि त्या पसाऱ्यात आपला ठोका मागे-पुढे झालेला कळत नाही. राइड असेल तर ती वापरा, नाहीतर हाय-हॅटच्या उंचीवर एखादं जाड पुस्तक किंवा रबरी पॅड ठेवा. सुका, तुटक आवाज हवा, त्यात प्रत्येक चूक ऐकू येते. दुसरी चूक म्हणजे डावा पाय विसरणं. तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला जमिनीवर टाकत राहा. हाय-हॅट येईल तेव्हा पाय तयार असेल.

राइड किंवा क्रॅश स्टँडवर लावताना मधल्या रॉडवर प्लॅस्टिकची नळी आणि वर-खाली नमद्याच्या चकत्या असायलाच हव्यात. जुन्या सेटमध्ये त्या हरवलेल्या असतात, मग धातूवर धातू घासून भोकाच्या कडेला चीर पडते. माशांच्या टाकीची नळी दोन बोटं कापून घातली तरी सिंबल वाचतं. वरचा नट घट्ट आवळायचा नाही, सिंबल हललं पाहिजे.

ढोल-ताशा आणि तबल्यातून येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात ड्रमकडे येणारी बरीच मुलं आधी पथकात वाजवलेली असतात. त्यांचा दम आणि लय मला मनापासून आवडते. पण ढोलाची खांद्यातून येणारी फेक इथे आणली की पान खड्डा पडून मरतं आणि अर्ध्या तासात मनगट दुखतं. इथे काठी पानावर पडून स्वतः उसळते, आपण फक्त ती उसळी अडवायची नाही. ताशाच्या काड्याही नकोत. 5ए मापाची जोडी घ्या आणि घेण्याआधी काचेवर घरंगळवून बघा, वाकडी असेल तर लगेच दिसते.

तबला शिकलेल्यांची अडचण वेगळी आणि गमतीची आहे. दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, चौथ्या मात्रेला ‘खाली’ (तालातली हलकी जागा) येते, हात आपोआप हलका पडतो. ड्रमवर सहा मात्रांचा ठेका धरला की नेमका तिथेच स्नेअरचा भरदार ठोका हवा असतो. म्हणून त्यांचा स्नेअर दबकतो आणि त्यांना कारण सापडत नाही. आठ मात्रांचा केरवा ड्रमवर घेताना बास पहिल्या आणि पाचव्या मात्रेला ठेवून स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला मोठ्याने टाकायचा. तोंडाने बोल म्हणत आठवडाभर हळू वाजवा, सुटेल.

टॉम कमी, म्हणून फिल नाही?

एकाच फ्लोअर टॉमवर सुंदर फिल (ठेक्याच्या मध्ये भरायचे छोटे तुकडे) होतात. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा हा पॅराडिडल आधी नुसत्या स्नेअरवर बसवा, मग प्रत्येक गटाचा पहिला ठोका टॉमवर न्या. मेट्रोनोम (लय दाखवणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर. फिलमध्ये वेग वाढतो, सगळ्यांचाच वाढतो, आणि वाजवताना ते कळत नाही. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका.

आवाजाचं भानही ठेवा. नियमानुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मर्यादा 45 डेसिबल आहे, ड्रम त्याच्या कितीतरी वर जातो. रात्री स्नेअरवर जाड नॅपकिन टाका किंवा पॅडवर वाजवा. उशीवर रोज वाजवू नका, तिच्यात उसळी नसते आणि हात जड होतो. बंद खोलीत वाजवताना कानात कापूस पुरत नाही, कानाचे प्लग घ्या.

पैसे हळूहळू जमत असतील तर माझा क्रम असा: चावी, नवं स्नेअरचं पान, बसायचं आसन, पेडल, हाय-हॅट. दुसरा टॉम सगळ्यात शेवटी.