ऑस्ट्रेलियात कुशल व्यावसायिक म्हणून जाताना: १८९, १९०, ४९१ की ४८२?

ऑस्ट्रेलियात नोकरीच्या बळावर स्थायिक होण्याचा विचार सुरू झाला की, सर्वांत लवकर मिळणारा व्हिसा कोणता, याची चौकशी बहुतेक जण आधी करतात. ती चौकशी करावीच लागते. पण निवड मात्र वेगळ्या कसोटीवर करावी, असे माझे मत आहे. या देशाचे कुशल व्यावसायिकांसाठीचे व्हिसे एकमेकांपासून वेगळे ठरतात ते मुख्यतः बंधनामुळे. १८९ क्रमांकाचा व्हिसा आपल्याला कोणाशीच बांधत नाही, १९० एका राज्याशी बांधतो, ४९१ महानगरांबाहेरच्या भागाशी आणि ४८२ नोकरी देणाऱ्या कंपनीशी. आपल्या कुटुंबाला पुढची चार-पाच वर्षे यांपैकी कोणते बंधन निभावता येईल, याचे उत्तर घरात बसून प्रामाणिकपणे काढले, तर पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

कोणताही प्रकार निवडण्याआधी आपला व्यवसाय कोणत्या सांकेतिक क्रमांकाखाली मोडतो ते निश्चित करावे. सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि डेव्हलपर प्रोग्रॅमर हे दोन वेगळे व्यवसाय मानले जातात. आपल्या पदाचे नाव काय आहे यापेक्षा आपण रोज प्रत्यक्ष कोणते काम करतो, यावर हा क्रमांक ठरतो. त्यानंतर, वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांच्या गुणांवर मिळणाऱ्या १८९, १९० आणि ४९१ साठी, त्या व्यवसायासाठी नेमलेल्या संस्थेकडून कौशल्य मूल्यमापन करून घ्यावे लागते: संगणक क्षेत्रासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, परिचारिकांसाठी अ‍ॅनमॅक आणि इतर अनेक व्यवसायांसाठी व्हेटअसेस.

या मूल्यमापनाच्या पत्रातील एक ओळ फार काळजीपूर्वक वाचावी. कॉम्प्युटर सोसायटी अनुभवातील सुरुवातीचा काही काळ 'कुशल होण्यासाठी लागलेला काळ' म्हणून वजा करते आणि कोणत्या तारखेनंतरचा अनुभव ग्राह्य आहे ते पत्रात नमूद करते. पदवी संगणकशास्त्राची असून कामाशी जुळणारी असली, तरीही साधारणपणे दोन वर्षे वजा होतात. मेकॅनिकलची पदवी घेऊन आयटीत आलेल्यांची वजावट याहून मोठी असते. परिणामी आठ वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या हाती गुणांसाठी सहाच वर्षे उरतात आणि अनुभवाचे १५ गुण १० वर येतात. हे पत्र हाती येण्याआधी गुणांची बेरीज करून व्हिसाचा प्रकार ठरवू नये.

१८९, १९० आणि ४९१ हे तिन्ही गुणांवर आधारलेले आहेत आणि तिन्हींसाठी किमान ६५ गुण लागतात. परंतु ६५ गुणांवर फक्त रांगेत उभे राहता येते. व्हिसासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण अधिक गुण असलेल्यांना आधी जाते आणि गुण समान असतील, तर ज्याने ते आधी गाठले त्याला प्राधान्य मिळते. उदाहरणादाखल ३२ वर्षांचा एक विवाहित अभियंता घेऊ. वयाचे ३०, पदवीचे १५, आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या चारही विभागांत ७ मिळाल्याचे १०, परदेशातील पाच वर्षांच्या ग्राह्य अनुभवाचे १० आणि पत्नीला आवश्यक तेवढे इंग्रजी येत असल्याचे ५, असे त्याचे एकूण ७० गुण होतात. राज्याने नामनिर्देशन केल्यास, म्हणजे आपले नाव व्हिसासाठी सुचवल्यास, १९० साठी ५ गुण वाढून ७५ होतात, तर ४९१ साठी १५ वाढून ८५.

या अभियंत्याला गुण वाढवण्याचे मार्ग आहेत. चारही विभागांत ८ मिळवल्यास इंग्रजीचे गुण १० वरून २० होतात. पत्नीनेही स्वतःच्या व्यवसायाचे मूल्यमापन करून घेतले, तिचे वय ४५ च्या आत असले आणि तिचा व्यवसाय त्या व्हिसाच्या यादीत असला, तर तिच्यामुळे मिळणारे ५ गुण १० होतात. आणि मराठी माणसांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे: नाटी या संस्थेची सीसीएल परीक्षा मराठीतही देता येते आणि तिचे ५ गुण मिळतात. परीक्षेत दोन संभाषणे ऐकून इंग्रजीचे मराठीत आणि मराठीचे इंग्रजीत तोंडी भाषांतर करायचे असते. ९० पैकी किमान ६३ गुण आणि प्रत्येक संभाषणात ४५ पैकी किमान २९ गुण लागतात. घरी मराठी बोलतो म्हणून तयारीशिवाय परीक्षेला बसू नये, कारण दवाखाना, विमा, न्यायालय अशा विषयांतील नेमके शब्द ऐनवेळी आठवत नाहीत.

वयाचा हिशेब मात्र विरुद्ध दिशेने चालतो. २५ ते ३२ या वयोगटाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५ आणि ४० ते ४४ ला १५ गुण मिळतात. ४५ पूर्ण झाल्यावर हे तिन्ही दरवाजे बंद होतात. वय धरले जाते ते निमंत्रण मिळते त्या दिवसाचे, इच्छापत्र (व्हिसाची इच्छा नोंदवणारा ऑनलाइन फॉर्म) भरले त्या दिवसाचे नाही. म्हणून ज्याचा तेहेतिसावा किंवा चाळिसावा वाढदिवस जवळ आला आहे, त्याने केवळ १८९ ची वाट पाहत बसणे मला धोक्याचे वाटते.

१८९ विषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पहिल्या दिवसापासून कायमचे वास्तव्य मिळते, कुठेही राहता येते, कोणाचीही नोकरी करता येते. मिळत असेल तर दुसरा विचार करू नये. अडचण फक्त मिळण्याची आहे. १९० मध्येही कायमचे वास्तव्य लगेच मिळते, पण नामनिर्देशन करणाऱ्या राज्यात सहसा दोन वर्षे राहण्याची हमी द्यावी लागते. ही हमी व्हिसाची कायदेशीर अट नसते, तरी ती पाळावी. आपण दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवून राज्याने एक जागा आपल्याला दिलेली असते. प्रत्येक राज्याची व्यवसायांची यादी आणि निकष वेगळे असतात, त्यामुळे एका राज्यात नकार मिळालेला व्यवसाय दुसरीकडे चालू शकतो.

खरा विचार करावा लागतो तो ४९१ चा. हा व्हिसा पाच वर्षांचा आणि तात्पुरता असून नेमून दिलेल्या प्रादेशिक भागातच राहणे, काम करणे आणि शिकणे ही त्याची कायदेशीर अट आहे. 'प्रादेशिक' या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांपुढे ओसाड माळरान उभे राहते, ते बरोबर नाही. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता जवळजवळ सारा देश त्यात येतो. पर्थ, अ‍ॅडलेड, कॅनबेरा, गोल्ड कोस्ट आणि होबार्टसुद्धा. तीन वर्षे अटी पाळून राहिल्यावर आणि त्या काळातील आयकर निर्धारणाची पत्रे सादर केल्यावर १९१ या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. मात्र ती तीन वर्षे पूर्ण होण्याआधी १८९, १९० किंवा कंपनीमार्फत मिळणाऱ्या १८६ कडे वळता येत नाही.

४९१ धारकाला मेडिकेअरची सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते, ही जमेची बाजू. दुसऱ्या बाजूला, मूल विद्यापीठात जाण्याच्या वयाचे असेल तर त्याला परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क भरावे लागते. घरात अकरावी-बारावीतले मूल असेल तर हा एकच मुद्दा सारा हिशेब बदलू शकतो. तसेच १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या रहिवाशांना आधी बांधलेले घर विकत घेण्यास दोन वर्षांची बंदी लागू झाली आणि ४९१ धारक त्यातच मोडतात.

नागरिकत्वाच्या दृष्टीने मात्र ४९१ जितका मागे वाटतो तितका नाही. नागरिकत्वासाठी चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते आणि त्यातील शेवटचे एक वर्ष कायमच्या व्हिसावर असावे लागते. १८९ वाल्यालाही चार वर्षे थांबावेच लागते. ४९१ वाल्याची पहिली तीन वर्षे त्यात धरली जातात, आणि उशीर होतो तो प्रामुख्याने १९१ मंजूर होण्यास लागणाऱ्या वेळेचा. भारतीयांनी येथे हेही ध्यानात ठेवावे की, ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व राहत नाही.

४८२ चा मार्ग गुणांचा नाही. ७ डिसेंबर २०२४ पासून जुन्या तात्पुरत्या व्हिसाची जागा 'स्किल्स इन डिमांड' व्हिसाने घेतली, क्रमांक तोच राहिला आणि आवश्यक अनुभवाची अट एक वर्षावर आली. या व्हिसाला वयाची मर्यादा नाही. दोन वर्षे मंजूर कंपन्यांकडे काम केल्यावर १८६ या कायमच्या व्हिसाचा मार्ग मोकळा होतो, पण तेथे सर्वसाधारणपणे ४५ वर्षांची मर्यादा पुन्हा आडवी येते. नोकरी सुटल्यास नवी कंपनी शोधण्यासाठी एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या संपूर्ण काळात एकूण ३६५ दिवस मिळतात. पूर्वीपेक्षा हा दिलासा मोठा आहे, तरीही पगार आणि वास्तव्य दोन्ही एकाच कंपनीच्या हाती असणे ही जोखीम उरतेच. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या ४८२ धारकाला मेडिकेअर मिळत नाही, खासगी आरोग्य विमा घ्यावा लागतो; पगाराची बोलणी करताना हा खर्च धरावा.

ज्याचे गुण ८५ च्या पुढे आहेत, त्याने १८९ आणि १९० या दोन्हींसाठी इच्छापत्र भरून ठेवावे. ज्याचे वय चाळिशीकडे झुकले आहे किंवा ज्याचे मूळ गुण ६५-७० च्या आसपास अडले आहेत आणि ज्याला पर्थ किंवा अ‍ॅडलेड परके वाटत नाही, त्याने ४९१ ला दुय्यम समजू नये. हातात खरोखर नोकरीचा प्रस्ताव असेल, तर ४८२ घ्यावा, पण कंपनी १८६ साठी नामनिर्देशन करेल का, हे रुजू होण्याआधीच लेखी विचारून घ्यावे.

इच्छापत्र स्किलसिलेक्ट या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते आणि ते दोन वर्षे चालते. सध्याच्या नोकरीची 'शेवटची तारीख' रिकामी ठेवली, तर वाढणाऱ्या अनुभवाचे गुण आपोआप जोडले जातात. मूल्यमापन संस्थेने वजा केलेला काळ मात्र वेगळी नोंद करून 'असंबंधित' असे दाखवावा, नाहीतर यंत्रणा जास्त गुण मोजते. निमंत्रणाच्या वेळी दाखवलेले गुण नंतर कागदपत्रांनी सिद्ध झाले नाहीत, तर अर्ज नामंजूर होतो आणि भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही. निमंत्रणानंतर अर्जासाठी ६० दिवस असतात. इंग्रजी परीक्षेचे निकालपत्र तीन वर्षांच्या आतले आहे ना, हे आधी तपासावे आणि जुन्या कंपन्यांकडून कामाचे सविस्तर वर्णन असलेली अनुभवपत्रे त्या ६० दिवसांवर न ढकलता इच्छापत्र भरण्यापूर्वीच मिळवून ठेवावीत.