लहान मुलांना मूळ साधनांची ओळख कशी करून द्यावी

मूळ साधन म्हणजे त्या त्या काळची वस्तू किंवा लिखाण, अथवा प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे सांगणे. यार्देन ओलांडल्यावर इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणवून गिलगालात उभे केले, कारण पुढे मुले ‘या धोंड्यांचा अर्थ काय?’ असे विचारणार होती (यहोशवा, अध्याय ४). आधी वस्तू डोळ्यांपुढे, मग मुलाचा प्रश्न आणि त्यानंतर वडीलधाऱ्यांचे सांगणे, हा त्या अध्यायातला क्रम संडे स्कूलच्या शिक्षकाने जसाच्या तसा उचलावा. आपण बहुधा गोष्ट आधी सांगून टाकतो आणि मुलाला विचारण्यासारखे काही उरतच नाही.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आरंभ घरापासून करावा. प्रत्येकाने आपल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची छायाप्रत, आजीआजोबांच्या लग्नाचा फोटो किंवा घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा दाखवायला आणाव्यात. मग तीनच प्रश्न विचारावेत: हे कोणी लिहिले किंवा काढले? केव्हा? त्याने ते स्वतः पाहिले होते का? चौथा प्रश्न मुले आपण होऊन काढतात, तो म्हणजे यात काय लिहिलेले नाही. दाखल्यावर तारीख आणि पाळकांची सही असते, पण बाळ रडले की नाही हे त्यात सापडत नाही; त्यासाठी आजीला विचारावे लागते आणि तिने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले, तर तेही मूळ साधनच ठरते. शाळेत मुले पुढे भौतिक, लिखित आणि मौखिक अशी जी साधने शिकतात, ती तिन्ही इथे घरातच भेटतात.

यानंतर शुभवर्तमानांकडे, म्हणजे येशूचा वृत्तान्त सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार पुस्तकांकडे वळावे. लूक आपल्या पहिल्या चार वचनांत स्पष्ट सांगतो की, ज्यांनी आरंभापासून प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून हा वृत्तान्त आला आणि आपण सर्व गोष्टींचा नीट शोध करून तो लिहिला. पाहणारा वेगळा आणि विचारून लिहिणारा वेगळा, हा भेद मुलांना यातून सहज कळतो. माझ्या मते सर्वांत फलदायी पाठ येशूच्या वधस्तंभावर लावलेल्या फलकाचा आहे. मुलांचे चार गट करून एकेका गटाला मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांतील त्या फलकाचे वचन पुठ्ठ्यावर लिहायला द्यावे आणि चारही पुठ्ठे भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत. ‘यहूद्यांचा राजा’ हे शब्द चौघांतही आहेत. मार्कात तेवढेच आहेत, तर योहानात येशूचे नाव आणि नासरेथचा उल्लेखही आहे. फलक इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होता, हेही योहान नोंदवतो. इथे शिक्षकाने घाईने समजूत घालू नये. ‘मग खरे कोणते?’ असे एखादे मूल विचारील, तेव्हा त्याला आधी चौघांत समान काय आहे ते शोधू द्यावे आणि मग वर्गातल्या चार मुलांना कालच्या नाताळच्या नाटकाविषयी किंवा सहलीविषयी वेगवेगळे सांगायला लावावे. फरक लपवून शिकवलेला विश्वास मोठेपणी पहिल्याच प्रश्नाला अडखळतो, म्हणून फरक लहानपणीच आणि आपल्या सोबतीने दिसलेला बरा.

मोठ्या मुलांसाठी आपल्याच मंडळीच्या इतिहासातले एक उदाहरण घ्यावे. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा तिथे नव्हत्या आणि लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊ लागले ते १९३४ साली. त्यामुळे त्या बातमीने घरात काय घडले याच्या त्या प्रत्यक्ष साक्षीदार आहेत, बाप्तिस्म्याच्या विधीच्या मात्र नाहीत. एकच व्यक्ती एका गोष्टीची साक्षीदार असते आणि दुसरीची नसते, हे समजले की ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा मुलांना नव्याने उमगते: आपण न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगणे हेही तिच्यात येते.

मंडळीची जुनी बाप्तिस्मा नोंदवही दाखवायची असल्यास पाळकांची परवानगी घ्यावी, मुलांना हात धुऊन पूर्ण कोरडे करायला सांगावे आणि पाने शिक्षकानेच उलटावीत. शाईचे पेन जवळ ठेवू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करतो. हयात व्यक्तींच्या नोंदी झाकून ठेवाव्यात.

शेवटच्या पाठासाठी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय ३२ वाचावा. अनाथोथातले शेत त्याने सतरा शेकेल रुप्याला विकत घेतले आणि ते खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावले. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७च्या सुमारास गुहेत सापडलेल्या गुंडाळ्याही मातीच्या रांजणांत ठेवलेल्या होत्या आणि त्यांत यशयाचा सुमारे सात मीटर लांबीचा ग्रंथ होता. दोरीने सात मीटर मोजून वर्गात पसरावी. मग प्रत्येक मुलाने आज उपासनेत स्वतः जे पाहिले तेवढेच चार ओळींत पेन्सिलीने लिहावे, खाली नाव, ठिकाण आणि पूर्ण तारीख घालावी आणि ते कागद एका झाकणाच्या मडक्यात ठेवून पुढच्या वर्षीच्या वर्गाला वाचायला द्यावेत.