दिल्लीत पक्षी पाहायला जाताना या चुका टाळा

नाताळच्या सुट्टीआधी पुण्या-मुंबईचे नवखे पक्षीनिरीक्षक मला दरवर्षी जवळपास एकच बेत दाखवतात: पहिल्या दिवशी सुलतानपूर आणि ओखला ही दिल्लीलगतची पाणपक्ष्यांची ठिकाणे, दुसऱ्या दिवशी राजस्थानातले भरतपूर, वाटेत ताजमहाल आणि रात्रीच्या विमानाने घरी. हा बेत कागदावर देखणा दिसतो, परंतु त्यात धुक्यासाठी एका तासाचीही सोय नसते.

दिल्लीच्या परिसरात डिसेंबरअखेरीपासून जानेवारीभर पडणारे धुके काही दिवशी अकरा वाजले तरी हलत नाही, हे मला ऐकून ठाऊक होते; तरीही अशाच एका डिसेंबरात आम्ही चौघे पहाटे पाचला निघून उजाडता उजाडता सुलतानपूरच्या तळ्याकाठी जाऊन उभे राहिलो. पाणी वीस पावलांवर असूनही दिसत नव्हते. पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांचा, कलकलाट स्पष्ट ऐकू येत होता, दुर्बिणीच्या भिंगांवर मात्र पांढऱ्या पडद्याखेरीज काही उमटत नव्हते. साडेदहाला कंटाळून आम्ही ‘उद्या पुन्हा येऊ’ म्हणत निघालो आणि गाडी महामार्गाला लागेपर्यंत ऊन पडले. तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होते, पण फाटकाला कुलूप होते, कारण सुलतानपूरचे उद्यान मंगळवारी बंद असते. विजेच्या तारेवर बसलेला एक खंड्या एवढीच त्या दिवशीची कमाई.

तेव्हापासून मी फेब्रुवारीच्या मध्यावर जातो. तोवर धुके ओसरलेले असते आणि बदके बहुधा परत निघालेली नसतात. डिसेंबरातच जाणे भाग असेल, तर धुक्याची सकाळ मी लोदी उद्यानात घालवतो, कारण तिथे राखी धनेश, हरियाल आणि पिंगळे झाडाखाली उभे राहूनही दिसतात. तळ्यावर दुपारी गेल्याने काहीही बिघडत नाही. पहाटेचा हट्ट हा आपल्याकडच्या जंगलांतून लागलेल्या सवयीचा भाग आहे.

दुसरी चूक भरतपूरची. दिल्लीपासून जवळजवळ १८० किलोमीटरवर असलेले तिथले केवलादेव उद्यान २९ चौरस किलोमीटरचे आहे, आणि ते आग्र्याच्या वाटेवर दोन तासांत ‘उरकणारे’ लोक तिथे नेमके काय पाहतात हे मला आजवर कळलेले नाही. किमान एक रात्र मुक्काम करावा आणि सायकलरिक्षा तासांवर न ठरवता सबंध सकाळीसाठी घ्यावी. तिथले अनेक रिक्षाचालक पक्षी उत्तम ओळखतात, फक्त त्यांना घाई करू नये. निघण्यापूर्वी उद्यानात पाणी किती आहे याची फोनवर चौकशी करावी, कारण अपुऱ्या पावसाच्या वर्षी तिथली तळी कोरडी पडतात.

मुंबईचा पातळ स्वेटर पुरत नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नयेत. यमुनेच्या घाटावर फोटोसाठी कुरवांपुढे (सीगल पक्ष्यांपुढे) शेव उधळणे हे पक्षीनिरीक्षण नव्हे. सारस पाहायचे असतील तर ग्रेटर नोएडाजवळच्या धनौरीला जावे आणि शेताच्या बांधावरूनच पाहावे. भरतपूरला पोहोचताच सायबेरियन क्रौंच दाखवण्याची मागणी कृपया करू नये. २००२ नंतर तो तिथे आलेला नाही.