स्ट्रेंथ कोच व्हायचंय? आधी एक कबड्डी संघ धरा

स्ट्रेंथ कोच म्हणजे खेळाडूंची ताकद वाढवणारा प्रशिक्षक. त्यासाठी एनएससीए या अमेरिकी संस्थेचं सीएससीएस प्रमाणपत्र मिळवायला पदवी आणि सीपीआर-एईडीचं (बंद पडलेलं हृदय सुरू करण्याच्या प्रथमोपचाराचं) चालू प्रमाणपत्र लागतं. परीक्षेत दोन विभाग असतात, शास्त्रीय आणि प्रात्यक्षिक. दोन्ही सुटावे लागतात. पाठांतरावर पहिला निघेलही, दुसऱ्यासाठी मात्र खेळाडूंवर काम केलेलं हवं. म्हणून अभ्यास सुरू करतानाच जवळच्या मंडळाचा एखादा संघ हंगामभर सांभाळायला घ्या.

पहिल्या आठवड्यात फक्त चाचण्या. उभी उडी तीनदा, 10 मीटर धाव तीनदा, मध्ये पूर्ण विश्रांती. हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नका, कारण बोटाच्या चुकीतच खेळाडूची सगळी सुधारणा बुडून जाते. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा व्हिडिओ घ्या. उडीत पाय हवेत किती सेकंद होते ते मोजा, त्याचा वर्ग करून 9.81 ने गुणा आणि 8 ने भागा; उडीची उंची मीटरमध्ये मिळते. 0.50 सेकंद म्हणजे साधारण 31 सेंमी. गुडघे दुमडून उतरणारा खेळाडू हवेत जास्त वेळ राहतो आणि आकडा फुगतो. ती उडी बाद.

नवख्याला कमाल वजन उचलायला लावू नका. 80 किलोचा स्क्वॉट नीट 5 वेळा जमला, तर 80 × (1 + 5/30), म्हणजे कमाल अंदाजे 93 किलो. दहाच्या पुढच्या रेप्सवरून (सलग उचलण्यांवरून) काढलेला अंदाज फसवा असतो.

पहिले चार आठवडे दिवसाआड स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून झुकून वजन उचलणं), पुलअप: 3 सेट, 6 ते 8 रेप्स, दोन रेप्स अंगात शिल्लक ठेवून. हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंसाठी, नॉर्डिक (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवलेले असताना हळू पुढे झुकणं) 2 सेट, 4 रेप्सपासून. एकदम वाढवलात तर पोरं दोन दिवस लंगडतात आणि मग व्यायामच टाळतात. मैदानाला अर्धा तास फेऱ्या मारायला लावणं ही जुनी खोड सोडा. चढाई 30 सेकंदांची असते, तेव्हा छोट्या, जोरदार धावा घ्या.

स्पर्धा सुरू झाल्या की वजनं बंद करण्याची घाई होते. ताकद तिथेच उतरते. सेट निम्मे करा, वजन तेवढंच ठेवा.

सरावानंतर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा: 10 पैकी किती जड गेलं? लगेच विचारलं तर शेवटच्या दमवणाऱ्या ड्रिलचाच आकडा मिळतो. उत्तर गुणिले सरावाची मिनिटं; 7 × 90 = 630. आठवड्याची बेरीज अचानक उसळली, तर मुख्य प्रशिक्षकाशी बोला, पण खेळाडूंसमोर नको.

नोकरीसाठी अर्ज करताना खेळाडूंची परवानगी घ्या, नावं झाका आणि या नोंदींचा दोन पानी तक्ता जोडा. किती सराव बुडले आणि का, तेही त्यात असू द्या.