रिस्टोअर केलेल्या मसल कारची खरी किंमत कशी ओळखावी: १९६९ ची कॅमेरो झेड-२८

रिस्टोअर केलेली गाडी पारखणं हे हात न लागलेल्या गाडीपेक्षा कितीतरी अवघड असतं. जुन्या गाडीवरचा गंज, उडालेला रंग, फॅक्टरीतल्या खडूच्या खुणा, सगळं तिचा इतिहास सांगत असतं. रिस्टोरेशनमध्ये नेमका हाच पुरावा घासून, धुऊन, रंगवून टाकला जातो. तरीही लोक पहिला अर्धा तास रंगाकडे बघण्यात घालवतात. "पेंट चांगला असेल तर गाडी चांगली" हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकवत नाही. रंग पैसे टाकून कोणालाही मिळतो. किंमत असते ती ही गाडी फॅक्टरीतून काय म्हणून बाहेर पडली या प्रश्नाच्या उत्तराला, आणि ते उत्तर सिद्ध करता येतं की नाही याला.

उदाहरणाला १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो ही मसल कार (ताकदवान इंजिनाची अमेरिकी गाडी) घेऊ, कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींची नजर बहुतेक वेळा तिच्यावरच जाते आणि फसवणूकही तिच्यातच फार. त्या मॉडेल वर्षात २,४३,०८५ कॅमेरो बनल्या, त्यांतल्या झेड-२८ होत्या २०,३०२. झेड-२८ हा ऑर्डर करताना घ्यायचा एक ऑप्शन होता आणि गाडीच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकात, त्याची नोंदच नसते. म्हणजे साध्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) कॅमेरोवर दोन पट्टे रंगवले, बिल्ले लावले, स्पॉयलर बसवला की दिसायला झेड-२८ तयार. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पायरी पहिली: घरी बसून

विक्रेत्याकडून चार फोटो मागवा: व्हीआयएनची पट्टी, ट्रिम टॅग (बॉडीची माहिती असलेली छोटी पट्टी), इंजिनावरचा पंच केलेला नंबर आणि गाडीचं टायटल (मालकीचा कागद). देत नसेल तर जाऊ नका. "प्रत्यक्ष या, सगळं दाखवतो" म्हणणाऱ्यांकडे जाण्यात पेट्रोलही घालवू नये.

१९६९ च्या व्ही-८ कूपेचा व्हीआयएन १२४३७९ ने सुरू होतो, पुढे एन किंवा एल, मग सहा आकडे. एन म्हणजे ओहायोतला सिनसिनाटीजवळचा नॉरवुड कारखाना, एल म्हणजे लॉस एंजेलिसचा. नंबर १२३ ने सुरू होत असेल तर ती सहा सिलिंडरची गाडी म्हणून जन्मली आहे, आज तिच्यात कुठलंही इंजिन असो. तसंच १९६९ ची झेड-२८ फक्त चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळायची, तिला फॅक्टरी एसी नव्हता आणि ती कन्व्हर्टिबलही नव्हती. ऑटोमॅटिक झेड-२८ ची जाहिरात दिसली की ती बंद करा. व्हीआयएनवरून गाडीचा इतिहास देणाऱ्या कारफॅक्सच्या नादी लागू नका. सतरा अक्षरी व्हीआयएन १९८१ पासून आला, त्याआधीच्या गाड्यांचा इतिहास तिथे मिळत नाही.

जाहिरातीत "फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन" (बॉडी चौकटीवरून उतरवून केलेलं काम) लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला आपली गाडी माहीत नाही असं समजा. कॅमेरोला पूर्ण फ्रेमच नाही. बॉडी हीच तिची चौकट आणि पुढे एक सबफ्रेम, म्हणजे छोटी चौकट, एवढंच.

पायरी दुसरी: कागद

इथे शेव्हरोलेवाल्यांचं दुर्दैव आहे. पाँटिअॅक घेणाऱ्याला पाँटिअॅक हिस्टॉरिकल सर्व्हिसेसकडून त्याच्या गाडीच्या मूळ बिलाची प्रत मिळते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी कारखान्याच्या नोंदींवरून बनवलेला मार्टी रिपोर्ट मिळतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॅमेरोसाठी असं काही नाही. गाडी मूळची कॅनडात विकलेली असेल तर मात्र जीएम कॅनडाच्या (शेव्हरोलेच्या मालक कंपनीच्या कॅनडातल्या शाखेच्या) नोंदी असतात. त्यामुळे गाडीबरोबर आलेला जुना कागद फार मोलाचा. वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची छोटी धातूची पट्टी, सीटखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर सापडणारा बिल्ड शीट (गाडी जोडताना कारखान्यात वापरलेला तिच्या तपशिलाचा कागद), डीलरचं मूळ बिल. खिडकीवरचा स्टिकर मी पुरावा मानतच नाही, कारण हवे ते ऑप्शन छापून तो नवा करून मिळतो. जुने, रिस्टोरेशनच्या आधीचे फोटो मात्र आवर्जून मागा. ज्याने खरोखर मन लावून गाडी उभी केली आहे त्याच्याकडे ते असतातच, आणि दाखवायला तो उत्सुकही असतो.

पायरी तिसरी: ट्रिम टॅग

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) ही पट्टी दिसते. तिच्यावर बॉडी बनल्याचा महिना आणि आठवडा असतो. ०४डी म्हणजे एप्रिलचा चौथा आठवडा. नॉरवुडच्या डिसेंबर १९६८ पासूनच्या टॅगवर एक्स कोडही असतो. एक्स-३३ किंवा एक्स-७७ असेल तर झेड-२८. पण सांभाळा: या टॅगवर व्हीआयएन नसतो आणि नवे टॅग बनवून विकले जातात. टॅग हा दुजोरा समजा. एकट्या टॅगच्या भरवशावर पैसे देऊ नका.

पायरी चौथी: इंजिनाचा पॅड

सगळी लढाई इथे आहे. "नंबर मॅचिंग", म्हणजे गाडीत तिचं मूळ इंजिनच आहे, हे दोन शब्द जाहिरातीत असले की हजारो डॉलर वाढतात, आणि त्या दोन शब्दांचा सगळा भार इंजिनावरच्या दोन इंची सपाट जागेवर असतो. मला ही जागा वाचायला शिकायला फार वेळ लागला, कारण सगळे सांगतात "नंबर जुळतो का बघा". नंबर जुळतोच. जो खोटं करतो तो नंबर जुळवूनच करतो. बघायचं असतं ते नंबर कसा पंच केला आहे आणि कुठल्या धातूवर.

जागा आधी सांगतो. पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकचा जो सपाट तुकडा बाहेर राहतो तो पॅड. १९६९ मध्ये अल्टरनेटर त्याच बाजूला असल्यामुळे तो मागे दडलेला असतो. टॉर्च आणि छोटा आरसा न्या. पॅडवर रंग किंवा तेल असेल तर मालकाला विचारून ब्रेक क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही! त्याने जे बघायला आलात तेच नष्ट होईल.

आता वाचा. व्ही०४१२डीझेड असं काही दिसेल. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, मग १२ एप्रिल, आणि डीझेड हा १९६९ च्या झेड-२८ च्या ३०२ घनइंची इंजिनाचाच कोड. ट्रान्स-अॅम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून बनवलेलं हे इंजिन. त्याशिवाय गाडीच्या व्हीआयएनचा तुकडा असतो: १९एन आणि सहा आकडे. तो पॅडवर दिसला नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. १९६९ च्या काही गाड्यांत तो खाली ऑइल फिल्टरच्या वर, खडबडीत ओतीव भागावर पंच केलेला असतो.

इथून पुढचं नीट वाचा. कोड आणि तारीख इंजिनाच्या कारखान्यात पंच व्हायची, व्हीआयएनचा तुकडा गाडीच्या कारखान्यात. दोन गावं, दोन हत्यारं, दोन वेगळे हात. म्हणून खऱ्या पॅडवर या दोन ओळींची अक्षरं एकमेकांशी जुळत नाहीत. उंची वेगळी, खोली वेगळी, ओळ थोडी तिरकी. कोडची अक्षरं एका साच्यात बसवून एकदम पंच केलेली असल्यामुळे आपापसांत सरळ रेषेत असतात. दोन्ही ओळी एकाच हाताने, एकाच पंचने केल्यासारख्या दिसल्या तर मी तिथेच थांबतो. नवख्याला नेमका तोच पॅड "किती सुबक" वाटतो.

दुसरं, धातूवरच्या रेषा. फॅक्टरीत ब्लॉकची वरची सपाटी ब्रोच नावाच्या यंत्राने कापली जायची आणि तिच्यावर इंजिनाच्या लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेषा राहायच्या. पॅड त्याच सपाटीचा भाग, म्हणून पॅडवरही त्याच रेषा. टॉर्च अगदी आडवा, पॅडला जवळजवळ टेकवून धरा. वरून प्रकाश टाकला तर काहीच दिसणार नाही. रेषा आकड्यांच्या आधी होत्या आणि आकडे त्यांच्यावर पंच झाले, असं दिसायला हवं. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, रेषा गोल फिरलेल्या असतील किंवा आडव्या घासल्यासारख्या असतील, तर जुने आकडे काढून नवे पंच केल्याचा दाट संशय. हेड गॅस्केटच्या कडेपाशी नखाने चाचपा. पॅड तेवढाच खाली घासला असेल तर तिथे पायरी लागते.

विक्रेता म्हणेल, इंजिन ओव्हरहॉल करताना मशीन शॉपने ब्लॉक वरून कापला, म्हणून रेषा गेल्या. हे खरंही असू शकतं. पण ब्लॉक कापला तर त्याबरोबर मूळ आकडेही जातात, मग हे आकडे कुठून आले? याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. कापण्याआधीचा पॅडचा स्पष्ट फोटो असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर त्या इंजिनाला मूळ इंजिनाचा भाव द्यायचा नाही, माणूस कितीही सज्जन वाटो. तो सज्जन असूही शकतो. त्याच्या आधीच्या मालकाने केलेलं त्याला माहीतही नसेल.

तिसरं, ओतीव तारीख. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, जिथे गिअरबॉक्सकडचं बेल हाउसिंग जोडतात त्या कडेवर, एक अक्षर आणि आकडे असतात. डी-२-९ म्हणजे २ एप्रिल १९६९. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली, हा क्रम तुटता कामा नये आणि मधलं अंतर दिवसांचं किंवा फार तर काही आठवड्यांचं हवं. इंजिन जोडल्याच्या तारखेनंतर ओतलेला ब्लॉक मी पाहिला आहे, आणि त्यावरचा "जुळणारा" नंबरही.

पॅडवर सीई ही अक्षरं असतील तर घाबरू नका. तो शेव्हरोलेने वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक. मूळ इंजिनापेक्षा कमी मोलाचा, पण प्रामाणिक. खोट्या "मॅचिंग" गाडीपेक्षा मी अशी गाडी केव्हाही घेईन.

पायरी पाचवी: लपलेले नंबर

डॅशवरची व्हीआयएनची पट्टी दोन रिव्हेटांवर असते, म्हणजे ती हलवता येते. बॉडीवर मात्र व्हीआयएनचा तुकडा आणखी दोन ठिकाणी पंच केलेला असतो: वायपरपुढच्या जाळीखाली काउलवर (समोरच्या काचेखालच्या पत्र्यावर), आणि फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे. जाळी काढून बघू द्यायला मालकाने नकार दिला तर निघा. हे बघणं आता जास्तच गरजेचं आहे, कारण १९६९ च्या कॅमेरोची संपूर्ण बॉडी डायनाकॉर्न कंपनी नवी बनवून विकते. नव्या बॉडीत वाईट काही नाही, पण ती १९६९ ची गाडी नव्हे आणि तिला तो भाव नाही.

पत्रा

लोहचुंबक सोबत असू द्या, पण विश्वास रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरवर ठेवा. पुन्हा रंगवलेल्या चांगल्या पत्र्यावर साधारण १५० ते ३०० मायक्रॉन दिसतात. ५०० च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे. मागच्या चाकांवरचा पत्रा, मागच्या काचेची खालची कड, डिकीचा तळ आणि काउल, या जागा आधी. खालून बघताना ताजा काळा अंडरकोटिंग दिसला तर तो काय झाकतो आहे ते विचारा.

चालवून बघा. गिअर, ब्रेक, धूर, तापमान.

शेवटी किंमत

विक्रेता रिस्टोरेशनच्या बिलांची फाइल पुढे करेल. बिलांची बेरीज म्हणजे गाडीची किंमत नव्हे. साध्या कॅमेरोवर झेड-२८ एवढा खर्च करणं हा त्याचा निर्णय होता, तुमचा नाही. जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या किंमत-मार्गदर्शकात गाड्यांची स्थिती १ ते ४ अशी असते. १ म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी. विकणाऱ्या प्रत्येकाला आपली गाडी १ वाटते. रस्त्यावर चालवलेली, चांगली रिस्टोअर केलेली गाडी बहुधा ३, फार तर २. मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा, आणि लिलावाचा आकडा वाचताना त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलं आहे का ते तपासा. ते सहज दहा टक्के असतं.

मी खालून वर जातो. आधी ही साधी व्ही-८ कॅमेरो आहे असं धरून तिच्या स्थितीचा भाव काढतो. झेड-२८ असल्याचा कागद किंवा पटणारा पुरावा मिळाला तर त्याचा फरक चढवतो. मूळ इंजिन पॅडसकट सिद्ध झालं तर आणखी चढवतो, नाहीतर झेड-२८ च्या भावातून निदान पाव हिस्सा उतरवतो. जे सिद्ध झालं नाही त्याचे पैसे शून्य. बहुतेक जण विक्रेत्याच्या आकड्यापासून खाली घासाघीस करतात आणि तिथेच हरतात.

मोठी रक्कम असेल तर फक्त पहिल्या पिढीच्या कॅमेरो तपासणाऱ्या जाणकाराला पैसे देऊन सोबत न्या. आणि सौदा ठरला की "मूळ इंजिन", "फॅक्टरी झेड-२८" हे जे तोंडी सांगितलं असेल ते व्हीआयएन आणि इंजिनाच्या नंबरासह विक्रीपत्रावर लिहून, त्याखाली विक्रेत्याची सही घ्या. सहीच्या वेळी ते शब्द खोडायला निघाला, तर खोडलेल्या शब्दांचा भाव वजा करून नवा आकडा सांगा.