फ्रेंच राज्यक्रांती शिकवायची तर पावापासून

सनावळी फळ्यावर लिहू नका, मुलं तिथेच डुलक्या घेतात. मी वर्गात पावाची लादी घेऊन जाते. पॅरिसच्या मजुराच्या घरी साधारण दोन किलोच्या पावावर दिवस निघायचा. 1788 च्या गारपिटीने पीक झोपवलं आणि 1789 च्या फेब्रुवारीत तो पाव साडेचौदा सूला (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) गेला. मजुरी दिवसाला 20 ते 30 सू. मुलांनाच हिशोब मांडू द्या: भाडं, सरपण, मीठ. दोन मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "बाई, मग उरतंय काय?"

रिकामा खजिना, सरदारांना करमाफी हे पटकन उरका. बॅस्टिल तुरुंगावरच्या हल्ल्यावरही रेंगाळू नका, आत कैदी जेमतेम सात होते.

थांबायचं ते 5 ऑक्टोबरला. बाजारातल्या बायका पावसात भिजत व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला सहकुटुंब पॅरिसला घेऊनच आल्या. राजाला जागचा हलवता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

मग जून 1791. राजा वेश पालटून पळाला, वारेन गावात सापडला. अशा राजावर भरवसा कोण ठेवणार, हे मुलांना विचारा. सप्टेंबर 1792 मध्ये प्रजासत्ताक, 21 जानेवारी 1793 ला राजाला गिलोटिन.

'पाव नसेल तर केक खा' हा राणीचा किस्सा कुणीतरी काढणारच. राणी तसं म्हणाल्याचा पुरावा नाही, स्पष्ट सांगा.

आणि लादी तास संपल्यावरच वाटा. मी एकदा आधी वाटली, व्हर्साय राहूनच गेलं.